हात लावू नये

टिमकी हे काही तिचं खरं नाव नव्हतं, पण आता शाळेतल्या बाईसुद्धा हजेरी सोडून एरवी तिला टिमकीच म्हणायच्या. मागच्या वर्षापर्यंत ही मुलगी वर्गात अशी बसायची, की बाकालाही तिचा पत्ता लागू नये. मग एकदा शाळेचा माइक ऐनवेळी बंद पडला आणि सूचना वाचायचं काम चुकून तिच्या गळ्यात आलं. तिने तोंड उघडलं, आणि मैदानाच्या पलीकडल्या झाडावरचे कावळे उडाले. आपल्याला आवाज आहे हे तिला त्या दिवशी कळलं. नवी सायकल मिळालेलं माणूस कसं उगाचच चकरा मारत सुटतं, तशी ती तो आवाज घेऊन सगळीकडे फिरू लागली.

"घरात तरी वाजू नकोस गं बाई," आई म्हणायची. "दिवसभर लॉन्ड्रीतलं मशीन असतं माझ्या डोक्याशी."

म्हणायची खरी, पण म्हणताना तिच्या ओठांचे कोपरे वर जायचे. टिमकीला ते दिसायचं, मग ती आणखी वाजायची.

तर अशा या टिमकीला यंदा पानांच्या मेळ्यात स्वतःची कार्यशाळा हवी होती. पानांचा मेळा म्हणजे वस्तीच्या सभागृहाच्या मैदानावर वर्षातून एकदा भरणारा बाजार. ज्यांच्या गच्चीत, खिडकीत, परसात वासाची झाडं असायची ते आपापल्या कुंड्या घेऊन यायचे. पुदिना, गवती चहा, मरवा, ओवा, काय वाट्टेल ते. जोडीला हाताने वस्तू करणारे यायचे. मडकेकाका चाक फिरवायचे, साबणकाकू साबण मांडायच्या, आणि मधल्या टेबलांवर लोकांना बसवून काही ना काही करायला शिकवलं जायचं. टिमकीची आई दरवर्षी रोपांचे ट्रे पाठवायची आणि स्वतः मात्र कपड्यांच्या ढिगाऱ्यात अडकलेली असायची.

समितीच्या बैठकीत टिमकी हात वर करून उभीच राहिली होती.

"मला टेबल पाहिजे. बडीशेप कशी लावायची ते मी शिकवणार."

समितीच्या अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. त्या कधीकाळी मुख्याध्यापिका होत्या. शाळा सुटली, पण शाळेने त्यांना काही सोडलं नव्हतं.

"मुलांनी मदत करायची असते. शिकवायला मोठी माणसं आहेत."

"मग मोठ्या माणसांतलं कोण शिकवतंय बडीशेप?"

कुणीच नाही. भरतकाम शिकवणाऱ्या ताई गावाला गेल्या होत्या आणि त्यांचं टेबल मोकळंच पडणार होतं. मागच्या रांगेतून मडकेकाका म्हणाले, "द्या की हो बाई. कुंड्या मी देतो. नाहीतरी माझ्या वाकड्या कुंड्या खपत नाहीत."

अध्यक्षबाईंनी टेबल दिलं, पण अट घालूनच. "जराशी जरी गडबड झाली, की टेबल साबणकाकूंना. त्या केव्हाच्या जागा मागतायत. आणि तुझं अक्षर बरं आहे म्हणतात, तर पाट्या तू लिहायच्या. मागच्या वेळी लोकांनी खुडून खुडून झाडांचे खराटे केले."

पाट्या! टिमकीने त्या अशा लिहिल्या, की अक्षरांनासुद्धा आपण नटलो आहोत असं वाटावं. 'कृपया हात लावू नये.' प्रत्येक 'ये'ची मात्रा वेलीसारखी वर वळलेली, हिरव्या रंगात. मैदानभर त्या पाट्या लागल्या आणि टिमकी प्रत्येकीपुढे थांबून आपलंच अक्षर वाचून आली. मग आईची रोपं तिच्या नजरेला खटकायला लागली.

आईची एक पद्धत होती. लॉन्ड्रीत कुणाचा शर्ट कुणाला जाऊ नये म्हणून कपड्याच्या आतल्या बाजूला रंगीत दोऱ्याचा टाका घालतात. एका घराचा एक रंग. आई तेच रोपांना करायची. लाल दोरा बांधलेली ती बडीशेप, पांढरा बांधलेली ती शेपू. दोन्ही रोपं लहानपणी जुळ्या बहिणींसारखी, केसांइतक्या बारीक पानांची. दोन्हींत कमी उंच कोण, जास्त हिरवं कोण, असं काही नाही.

मेळ्याच्या आदल्या संध्याकाळी टिमकीने कात्री घेतली आणि सगळे दोरे कचाकच कापून टाकले. फाटक्या उशीचे धागे लोंबावेत तसे ते दिसत होते, आणि तिच्या नव्या, गुळगुळीत, हिरव्या अक्षरांच्या चिठ्ठ्यांशेजारी ते कसे शोभणार? दोरे कापून झाले, ट्रे पुसून झाले, टेबलाखालची धूळ झाडण्यासाठी ट्रे इकडचे तिकडे झाले, आणि मग ती चिठ्ठ्या खोचायला बसली. क्षणभर ती थांबली. पण क्षणभरच. उजवीकडचा ट्रे बडीशेपेचा, तिला अगदी स्वच्छ आठवत होतं. शेपू तिला जन्मात आवडली नव्हती. घरात शेपू शिजायला लागली की ती नाक धरून गच्चीत जायची. म्हणून तिच्या रोपाजवळ नाक नेऊन बघावं हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

सकाळी मेळा भरला तो दणक्यात. टिमकीच्या शेजारीच साबणकाकूंचं टेबल होतं आणि त्यांच्या गुलाबाच्या, चंदनाच्या, आणखी कसकशाच्या वड्यांचा असा घमघमाट सुटला होता, की फुलपाखरालाही शिंक यावी.

"तुझं ते टेबल मला मिळालं असतं ना," साबणकाकू म्हणाल्या, "तर माझ्या लॅव्हेंडरला जरा हातपाय पसरता आले असते. पण असू दे. शिकव तू."

"शिकवणारच आहे."

"अगं शिकव म्हटलं की मी! भांडतेस कशाला?"

पहिल्याच फेरीला टेबलाभोवती माणसं दाटली. आपल्या नातीला कडेवर घेऊन आलेले टोपीवाले आजोबा, दोन बहिणी, शाळेतली काही पोरं, गणवेशातली एक परिचारिका. टिमकीने मडकेकाकांच्या वाकड्या कुंड्या वाटल्या. तळाशी खापरीचा तुकडा, वर माती, माती अशी दाबायची, जशी झोपलेल्या बाळाची दुलई. रोप मुळाशी धरायचं, मानेला नाही. तिचा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जात होता आणि तिकडची माणसं इकडे येत होती.

"ए टिमकी, पान चुरगळून बघू का जरा?" परिचारिकेने विचारलं.

"छे छे, नाजूक असतात हो!" टिमकी म्हणाली आणि ऐटीत पाटीकडे बोट दाखवलं. कृपया हात लावू नये. परिचारिकेने हात मागे घेतला.

सगळे आपापली बडीशेप छातीशी धरून गेले. टोपीवाले आजोबा जाताना म्हणाले, "जेवण झालं की हिच्या आजीला बडीशेप लागते. आता घरचीच देईन. बघतो कशी रुसते ते." टिमकीला वाटलं, आपल्याला पंख फुटतायत. दूरवर उभ्या अध्यक्षबाईंनी तिच्याकडे पाहून मान हलवली. किंचितच, पण हलवली.

दुसऱ्या फेरीला अजून वेळ होता. हातातली माती धुवायला ती सभागृहामागच्या नळावर गेली. तिथे साबणांचा वास नव्हता, गर्दी नव्हती, नळाचं पाणी तेवढं बादलीत पडत होतं. बादली भरेपर्यंत तिने मनगटाने ओठावरचा घाम पुसला.

आणि थिजली.

शेपू.

तिने पुन्हा हुंगलं. शंकाच नको. ज्या वासाला ती घर सोडून पळायची, तोच वास तिच्या बोटांना, मनगटाला, नखांना चिकटला होता. हात न धुताच ती टेबलापाशी धावली, उजवीकडच्या ट्रेमधलं एक पान चिमटीत चुरगळलं आणि नाकाशी नेलं. शेपू. मग 'शेपू' अशी हिरवी, वळणदार चिठ्ठी मिरवणाऱ्या ट्रेमधलं एक पान. गोड, थंड, जेवणानंतरच्या बशीतला वास. बडीशेप.

मैदानभर माणसं शेपू छातीशी धरून हिंडत होती. आजोबा तर नातीला शिकवत होते, "म्हण, बडीशेप. ब-डी-शेप."

"काय गं, चेहरा का असा पांढरा पडलाय?" साबणकाकूंनी विचारलं.

टिमकीने त्यांच्या कानाशी सांगितलं. साबणकाकूंनी आधी तोंडावर हात ठेवला, मग त्यांचे खांदे हलायला लागले, मग त्या जवळजवळ लॅव्हेंडरवरच कोसळल्या.

"हसू नका ना काकू!"

"हसत नाही गं, बरं." त्यांनी डोळे पुसले. "ऐक माझं. गप्प बस. रोपं मोठी होईपर्यंत कुणाला कळणार नाही. आणि कळेल तेव्हा म्हणतील, आपलीच काहीतरी चूक झाली. चिठ्ठ्यांची अदलाबदल कर आणि दुसरी फेरी मस्त घे. बाईंना कळलं ना, तर टेबल गेलं समज. आणि ते मलाच मिळणार असूनही मी तुला हे सांगतेय, बघ."

टिमकीने चिठ्ठी उपटली. हातात धरली. अक्षर फारच सुरेख होतं. अदलाबदल करायला एवढासा वेळ. दुसरी फेरी भरेल, ती बोलेल, लोक ऐकतील, बाई मान हलवतील. आणि कुठल्यातरी घरात एक आजी जेवणानंतर बशीत हात घालेल आणि थू थू करेल, आणि आजोबा म्हणतील, आपल्याच हाताला गुण नाही.

तिला आवाज सापडला त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. पहिल्याच अडचणीला तो गिळून बसायचा असेल, तर सापडला कशाला?

ती तरातरा मंचावर गेली. माइकपाशी बसलेला माणूस चहा पीत होता. "एक मिनिट द्या," ती म्हणाली आणि त्याने काही म्हणायच्या आत माइक घेतला.

"ऐका! सकाळी माझ्याकडून ज्यांनी बडीशेप नेली, त्यांनी शेपू नेली आहे. चिठ्ठ्या मीच उलट्या लावल्या. दोरे मीच कापले. ज्यांना बदलून हवी त्यांनी टेबलापाशी या. दुसरी फेरी होणार आहे."

मैदानावर असा हशा पिकला की मडकेकाकांचं चाक थांबलं. कुणीतरी ओरडलं, "शेपू तर शेपू, पोट तरी साफ राहील!" आणखी हशा. टिमकीचे कान तापले, पण ती माइक सोडून पळाली नाही. पायऱ्या उतरली ती मान वर करून.

पायऱ्यांखाली अध्यक्षबाई उभ्या होत्या.

"मी काय म्हटलं होतं?"

"गडबड झाली तर टेबल काकूंना."

"मग?"

"घ्या टेबल."

बाईंना बहुतेक रडारड अपेक्षित होती. त्या जराशा अडखळल्या. "आणि दुसरी फेरी रद्द. तशी सूचना मी देते. शोभा झाली तेवढी पुरे. माइकवरून असं जाहीर करायला तुला सांगितलं कुणी? हळूच माझ्याकडे यायचं होतंस, आपण निस्तरलं असतं."

"रोपं हळूच दिलेली नव्हती ना बाई. मोठ्याने दिलेली होती, म्हणून मोठ्याने सांगितलं."

"उद्धटपणा नको."

"नाही करत. टेबल तुमचं, समितीचं. रोपं आईची, माती माझी, कुंड्या मडकेकाकांच्या. ते सगळं जमिनीवर मावतं."

आणि तिने एकेक ट्रे उचलून सभागृहाच्या पायऱ्यांजवळ, मोकळ्या फरशीवर मांडायला घेतले. साबणकाकू पाहत राहिल्या. मग कुणालाच उद्देशून नव्हे, नुसतंच "आलेच" म्हणत त्यांनी मातीचं घमेलं उचललं आणि तिच्या मागे आल्या.

"काकू, तुम्हाला टेबल मिळालंय."

"टेबल कुठे पळून जातंय का? धर हे. पाठ मोडली माझी."

तेवढ्यात आई आली. अर्धा दिवस भरून, लॉन्ड्रीचा निळा अॅप्रन तसाच अंगावर, कपाळावर केस चिकटलेले. गर्दी जमिनीवर का बसलीय हे तिला कळेना. टिमकीने एका दमात सगळं सांगितलं. शेवटाला तिचा आवाज किंचित चिरकला, पण तिने तो तसाच पुढे रेटला.

आई रोपांपाशी वाकली.

"दोरे कापलेस?"

"हो."

"का?"

"घाणेरडे दिसत होते."

"आणि चुरगळून नाही बघितलंस? एक पान?"

टिमकीने पाटीकडे बोट दाखवलं. तिची स्वतःची पाटी. आईने ती वाचली, मग लेकीकडे पाहिलं, आणि तिच्या ओठांचे कोपरे हळूहळू वर गेले.

"अक्षर फार छान आलंय गं," आई म्हणाली. "मजकूर तेवढा वाईट आहे."

टिमकीने ती पाटी काठीसकट उपटली. उलटी केली. मागची बाजू कोरी होती. खिशातल्या हिरव्या खडूने तिने भराभरा लिहिलं. या वेळी वेलबुट्टी नाही, मात्रेला वळण नाही, ओळसुद्धा तिरपी गेली: चुरगळा. वास घ्या. मग बोला.

आईने अॅप्रनच्या खिशात हात घातला. तिच्या खिशात कायम दोऱ्याचे तुकडे असायचे, लाल, पांढरे, निळे, गुंता झालेले. तिने ते सगळे पायरीवर ओतले.

"घ्या मास्तरीणबाई. तुमचं सामान."

दुसरी फेरी सुरू झाली ती अशी. टिमकीने सगळ्यांना डोळे मिटायला लावले. एकेकाच्या हातात एकेक रोप दिलं. पान चिमटीत धरा, चुरगळा, नाकाशी न्या. बडीशेप वाटली तर लाल दोरा, शेपू वाटली तर पांढरा. चुकलं तर चुकलं, शेजारच्याला हुंगायला द्या. सकाळची माणसंही आपापल्या कुंड्या घेऊन परतली होती. परिचारिका म्हणाली, "सकाळीच चुरगळू दिलं असतंस तर?" टिमकी म्हणाली, "तर मी आत्ता टेबलावर असते, आणि तुम्ही खुर्चीवर. माझंच चुकलं. घ्या, आता दोन पानं चुरगळा."

टोपीवाल्या आजोबांनी शेपू परत द्यायला साफ नकार दिला. "हिने सकाळपासून हिला बडीशेप म्हणून हाक मारलीय," नातीकडे पाहत ते म्हणाले. "आता नाव बदललं तर रडेल. दुसरी दे एक. ही राहू दे, माझ्यासाठी. मला आवडते."

"शेपू आवडते?" टिमकीच्या तोंडून निघूनच गेलं. "तुम्हाला?"

"का, गुन्हा आहे?"

फरशीवर बसलेले सगळे हसले. आता त्या हसण्याने टिमकीचे कान तापले नाहीत.

लाउडस्पीकर खरखरला. अध्यक्षबाईंचा आवाज आला. "रोप लावण्याची दुसरी कार्यशाळा काही कारणाने रद्द करण्यात आली आहे." काही माणसांनी डोळे उघडून इकडेतिकडे पाहिलं. टिमकी पायरीवर उभी राहिली आणि माइकशिवाय, नुसत्या गळ्याने म्हणाली, "डोळे मिटा हो! कार्यशाळा सुरू आहे!" पलीकडच्या झाडावर कावळे असते, तर तेही उडाले असते.

सगळ्यांनी पुन्हा डोळे मिटले.

अध्यक्षबाई मंचावरून उतरून सरळ तिथेच आल्या. त्यांनी उलटी पाटी वाचली. मातीने भरलेली फरशी पाहिली. लाल-पांढऱ्या दोऱ्यांचा पसारा पाहिला.

"हे बंद कर. सूचना ऐकलीस ना?"

"ऐकली." टिमकीने ट्रेमधलं एक पान तोडलं आणि हात पुढे केला. "आधी हे काय आहे ते सांगा, बाई. ओळखलंत तर बंद करते."

"मी काय लहान मूल आहे?"

"नाही. म्हणून तर विचारतेय."

आई मागून हळूच म्हणाली, "टिमके." पण ती "थांब" असं म्हणाली नव्हती, हे टिमकीच्या लक्षात आलं.

अध्यक्षबाईंनी पान घेतलं. दोन बोटांत धरून दुरूनच पाहिलं. चष्म्यातून, मग चष्म्यावरून. नुसतं बघून कळणार कसं? सगळी फरशी डोळे किलकिले करून पाहत होती. बाईंनी पान चुरगळलं नाही. रुमालात ठेवलं, रुमालाची घडी केली आणि मुठीत धरली.

"समितीच्या बैठकीत बोलू आपण."

"बोलू की," टिमकी म्हणाली. "मी येणार आहे. पुढच्या वर्षी मला दोन टेबलं पाहिजेत."

साबणकाकूंनी तोंडात पदराचा बोळा कोंबला.

बाई वळल्या आणि ताठ मानेने मंचाकडे गेल्या. इकडे टिमकीने पुढच्या माणसाच्या हातात रोप दिलं. लाल दोरा संपत आला होता. आई दातांनी दोऱ्याचे दोन दोन तुकडे करत होती. मडकेकाका आणखी वाकड्या कुंड्या घेऊन येत होते आणि येता येता कुणाला तरी सांगत होते, की वाकड्या कुंडीत रोप जास्त खुलतं, हवं तर लिहून देतो.

तेवढ्यात लाउडस्पीकर पुन्हा खरखरला. आता मागची सूचना रद्द, की आणखी काही रद्द, म्हणून सगळे कान देऊन ऐकायला लागले. सूचना आली नाही. आधी आला तो कागद चुरगळल्यासारखा बारीकसा आवाज. रुमाल उलगडल्याचा असावा. मग एक श्वास. लांब, खोल, नाकातून आत ओढलेला, सगळ्या मैदानावर स्वच्छ ऐकू येणारा. बाईंना माइक सुरू असल्याचा पत्ताच नव्हता.

"ईऽऽ," लाउडस्पीकर म्हणाला. "शेपू."

टिमकीने मातीचा हात कमरेवर ठेवला आणि मंचाच्या दिशेने गळा मोकळा केला.

"बरोबर! पांढरा दोरा घ्या, बाई!"